आधी वात, मग पारा

२६ सप्टें., शुक्र.
सकाळी सहाला पेटीतला ओलीचा काटा ४८. पाणी फवारलं. सातला ६१. आठला परत ४९. पाणी जातं कुठं? एसी पितो. बाहेर खिडकीच्या काचेवरून दव ओघळतंय आणि आत माणसाच्या टाचा फुटतात, असं हे कतारमधलं लुसैल.

बिस्किट कोपऱ्यात वेटोळं घालून. पुण्याला कॉलेजला जाताना इरा म्हणाली होती, "आजोबा, साप तुमच्यावर सोडून चाललेय. बाबाला वेळ नाही आणि आई त्या खोलीत येत नाही." नातीनं एवढ्या वर्षांत दुसरं काही मागितलं नाही माझ्याकडं.

ऑगस्टात ती जायच्या आठवड्यात त्याची कात तुकड्यातुकड्यानं निघाली. उजव्या डोळ्यावरची कातीची चकती तशीच चिकटून राहिली. डॉक्टरनं काढली. म्हणाला, हवा कोरडी पडते, ओल ६० च्या खाली जाऊ देऊ नका, कातीच्या वेळी ७०. परत चकती अडकली तर डोळा जाऊ शकतो.

तेव्हापासून झोपेतपण ६०, ७०.

२७ सप्टें., शनि.
शेजारी दुसरा काटा लावला. पहिला म्हणतो ५२, दुसरा म्हणतो ६५. एकाच पेटीत, वीतभर अंतरावर. खरा कोण?

लेकाला, संजयला सांगितलं. म्हणाला, "आप्पा, चिनी आहेत, थोडं इकडंतिकडं असणारच." थोडं? तेरा पॉइंट म्हणजे थोडं? आमच्या सूतगिरणीत पाच पॉइंट ओल कमी झाली की सूत पटापट तुटायचं आणि सगळं खातं माझ्या नावानं ओरडायचं. एकतीस वर्षं मी ओलीच्या खात्यात काढली. सातवी शिकलेला माणूस, पण सुताला खळ देणारा सायझिंग मास्तरसुद्धा विचारायला यायचा, आज हवा काय म्हणते.

चिनी काट्यावर जायचं नाही. ठरलं.

संध्याकाळी संजयबरोबर इंडस्ट्रियल एरियात जाऊन दोन काचेची थर्मामीटरं आणली. आत पारा नाही, लाल दारू. चालतंय. सोबत हमीदभाई होते. खेडचे, आमच्या बिल्डिंगखालच्या किराणा दुकानात बसतात. सगळं ऐकून म्हणाले, "आप्पा, आमच्या वाडीत जनावर दिसला तर पोरं काठी शोधतात. तुम्ही त्याला वाफारा देताय."
म्हटलं, वाफारा नाही, हवा देतोय.
"तां पण बरा," म्हणाले.

२८ सप्टें., रवि.
जमलं. दोन्ही थर्मामीटरं पेटीत शेजारीशेजारी, सापाचं शेपूट लागू नये म्हणून पुढं जाळी. एकाच्या फुग्याला धोतराच्या मलमलीची वात, वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. पाणी वातीतून चढतं, सुकताना तो फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांत फरक जास्त. एवढं साधं आहे. फरकावरून ओल काढायचा तक्ता पाठ होता, पण विश्वास नको म्हणून संजयकडून छापून घेतला.

कोरडा २८, ओला २२. ओल ५९. पाठ होतं तेच निघालं.

चिनी काटे काढून ड्रॉवरमध्ये टाकणार होतो. एक राहू दिला, बघू किती खोटं बोलतो.

बिस्किटचं पोट गुलाबी दिसतंय. अंगावर राख फासल्यासारखा रंग. म्हणजे कात टाकायचं चालू झालं. उंदीर दिला, तोंड फिरवलं. परत फ्रीजरमध्ये ठेवता येत नाही, टाकला. उंदरांच्या डब्यावर सूनबाईनं 'आप्पा' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. पाहुणे आले की वाचतात.

३० सप्टें., मंगळ.
डोळे निळे झाले. दुधात निळीचा थेंब पडावा तसे. आता त्याला दिसत नाही. बोलायचंसुद्धा हळू. मी चप्पल बाहेर काढून आत जातो.

डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं, त्यात जाऊन बसला. कोरडा २८, ओला २४. ओल ७२. वा.

इराला फोन. "आजोबा, डोन्ट टच हिम आता. फक्त ह्युमिडिटी बघा. आणि डोळे क्लिअर झाले की मला सांगा." मग विचारलं, "तुम्हाला नीट दिसतो ना काटा?"
दिसतो म्हटलं.

डावा डोळा मे महिन्यापासून धूसर आहे. कुणाला बोललो नाही. बोललं की ऑपरेशन, ऑपरेशन म्हटलं की इचलकरंजीला जाऊन करू, आणि एकदा गेलो की परत कशाला येता म्हणतील. पेटीकडं मग कोण बघणार?

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
गिरणीत आज सगळी यंत्रं धुऊनपुसून हार घालून बंद. मी माझ्या खोक्यातली थर्मामीटरं, पाना, पक्कड मांडायचो. इथं संजयनं लॅपटॉप पुजला, गाडीला हार. माझी दोन थर्मामीटरं मी पाटावर घेतली. बाटली, वात, सगळं काढून पुसलं. गंध, हळदकुंकू, झेंडू.

वैशाली दारातूनच, "आप्पा, त्या खोलीत हळदकुंकू नका हं नेऊ. त्याला ॲलर्जी झाली तर इरा मलाच बोलेल." सापाची काळजी नाही, लेकीच्या बोलण्याची. पण नैवेद्याची पुरणपोळी मला गरम दिली.

दुपारी थर्मामीटरं परत जागेवर लावली. पुजलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडं रीत. नुसतं बघायचं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
सकाळी धसका.

कोरडा २८, ओला २८. फरक शून्य. फरक शून्य म्हणजे ओल शंभर. शंभर ओलीत सापाच्या पोटाला फोड येतात, खवले कुजतात, डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय. मी शेवाळ जास्त भिजवलं असणार. परवा हात सैल सुटला.

डब्यातलं शेवाळ काढलं. पेटीचं झाकण निम्मं उघडलं. खाली कोरडा कागद. चिनी काटा म्हणत होता ४१. खोटारडा. बंद केला.

इराला फोन लावला, उचलला नाही. ग्रुपबरोबर कुठं तरी गडावर गेली आहे, वैशाली म्हणाली. संध्याकाळी सोनं द्यायला हमीदभाईंकडं खाली गेलो. आपट्याची पानं दुकानातूनच घेऊन त्यांनाच दिली. हसले. "कसा हाय तुमचा जनावर?" म्हटलं, घामाघूम झालाय.

३ ऑक्टो., शुक्र.
अजून २८, २८. एवढं उघडं ठेवून? कागद तर कोरडा लागतोय. बिस्किट पाण्याच्या भांड्यात जाऊन बसलाय, अर्धा बाहेर. असं कधी करत नाही.

जेवताना वैशालीचा ओठ फुटून रक्त आलं. म्हणाली, "काय कोरडी हवा झालीय घरात, व्हॅसलीन संपलं." संजय म्हणाला, दसऱ्यानंतर बाहेरचा दमटपणा उतरतो.

मला जेवण गेलं नाही. काही तरी चुकतंय. काय ते

४ ऑक्टो., शनि.
लिहायची लाज वाटते.

बाटलीत पाणी भरायला गेलो. तीन दिवसांत पाणी थेंबभर उतरलेलं नाही. जिथं वात पाणी पिते तिथं पाणी उतरायलाच पाहिजे. बोट लावलं. वात कडक. हळदकुंकू वाळून मलमल पापडासारखी झालेली आणि टोक पाण्यात नाहीच, बाटलीच्या गळ्याला बाहेरून चिकटलेलं. नवमीला परत लावताना मी ते आत सोडलंच नाही. सुकी वात म्हणजे दोन्ही थर्मामीटरं कोरडीच. दोन्ही सारखंच दाखवणार.

नवी वात लावून टोक पाण्यात सोडलं, अर्ध्या तासानं बघितलं. कोरडा २८, ओला १८. ओल ३८.

अडतीस. आणि डोळे निळे असताना. मंगळवारी ७२ होती, नीट होती. मी स्वतःच्या हातानं शेवाळ काढलं.

गिरणीत नवा माणूस आला की पहिलं वाक्य मी हेच शिकवायचो: आधी वात बघ, मग पारा. किती जणांना डोक्यावर टपली मारून शिकवलं. डावा डोळा असता तर टोक दिसलं असतं. असता म्हणजे, आहेच. आहे आणि नाही.

शेवाळ भिजवलं, झाकण लावलं, वर ओला टॉवेल. दुपारी ६६, संध्याकाळी ७३. चिनी काटा परत लावला. ७०. त्याची माफी मागितली, मनात.

इराचा फोन आला. गडावर वारा होता म्हणाली. "हाऊ इज ही?" ठीक म्हटलं.

६ ऑक्टो., सोम.
डोळे स्वच्छ झाले. काळे. इराला फोटो पाठवला तर नाचली तिकडं. आता चारपाच दिवसांत कात.

संजय म्हणाला, "आप्पा, तुम्ही जरा खाली फिरून या. दिवसभर त्या काचेपुढं बसता." गेलो. ट्रामपर्यंत. तिथं बाकावर बसून पाच मिनिटांत परत आलो. वाटलं टॉवेल सुकला असेल. सुकला नव्हता.

तासाला एकदा वातीला बोट लावतो. वहीत खूण करतो. वा. म्हणजे वात बघितली.
९ वा. ७२. १० वा. ७१. ११ वा. ७२. १२ वा. ७२.

८ ऑक्टो., बुध.
दगडाला नाक घासतोय. वरच्या ओठापाशी कात उकलली. इतकं बरं वाटलं की देवापुढं साखर ठेवली.

मग थांबला. उकललेला तुकडा नाकावर झुलत राहिला, ओढला गेला, फाटला. सुकलेल्या कातीचंच असं होतं. ओल्या कातीचा मोजा होतो, अख्खा उलटा निघतो, इरानं दाखवला होता एकदा.

तीन दिवसांची कोरड. माझी.

इरा दिवाळीला परवा नाही तेरवा येते, शनिवारी दुपारचं विमान. वैशालीचं अनारशांचं पीठ, चकल्या. मला म्हणाली, "आप्पा, किती उतरलाय तुमचा चेहरा. साप आहे तो, नातू नाही."
म्हटलं, नातीचा आहे.
जाताना दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवून गेली. खोलीत आली नाही, पण तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला होता.

९ ऑक्टो., गुरु.
काही नाही. ओ. ७४. वा. वा. वा. वा.
डब्यातून बाहेरच आला नाही.

१० ऑक्टो., शुक्र.
सकाळी डब्याबाहेर कात.

अंगाची एक सलग. शेपटाचं टोकसुद्धा आलं, ते राहतं बहुतेकदा. डोक्याकडचा भाग मात्र चुरगळून गोळा झालेला, मागं फाट. डोळ्यांच्या दोन चकत्या त्या गोळ्यात असायला हव्यात. हरभऱ्याच्या सालीएवढ्या, पारदर्शक. असल्या तर डोळे मोकळे. नसल्या तर त्याच्या डोळ्यावर.

बिस्किटकडं बघितलं. चमकतोय, नव्या पितळेसारखा. डोळ्यावर काही आहे का कळेना. उजव्या बाजूनं बघितलं, डाव्या बाजूनं. चष्मा काढून, घालून. कात खिडकीशी धरली. नुसता पांढरा उजेड. उलगडायला गेलो असतो तर आणखी फाटली असती.

संजय बाजारात गेलेला. दारात जाऊन हाक मारली, "सूनबाई."
पिठाच्या हातानं आली. "काय झालं? मेला?"
"नाही. मला दिसत नाहीये."
"काय दिसत नाहीये?"
म्हटलं, डाव्या डोळ्यानं नीट काहीच. मे महिन्यापासून. आणि मग दसऱ्याचं सांगितलं. वात, शेवाळ, सगळं. तिला का सांगितलं माहीत नाही. ती उभी होती म्हणून.

ती स्वयंपाकघरात गेली. मग हात धुऊन आली आणि उंबरा ओलांडला. पेटीकडं न बघता माझ्या हातातून कात घेतली. दोन बोटांत, मिरची धरावी तशी. खिडकीशी गेली.
"काय शोधायचं?"
"गोल काच. दोन."
"एक आहे." मग, "हो, आहे. घड्याळाच्या काचेसारखी."
"कुठल्या डोळ्याची?"
"ते कसं कळणार, आप्पा? उलटं आहे सगळं."
"दुसरी?"
फिरवून बघितलं. "घडी बसलीय इथं. ओढली तर फाटेल."
"नको ओढू."
"नाही ओढत." मग म्हणाली, "अनारशाचं पीठ कडक झालं की मी ओल्या फडक्यात ठेवते. तसं करू?"

मी एकतीस वर्षं ओलीच्या खात्यात, आणि हे मला सुचलं नाही.

स्टीलच्या ताटलीत ओला रुमाल, त्यावर कातीचं डोकं, वर दुसरा रुमाल. ताटली तिनं पेटीशेजारच्या टेबलावर ठेवली. तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता, जीभ आतबाहेर. "त्याला दिसतेय का मी?" म्हणाली.

जाताना म्हणाली, "इराला तुम्ही सांगा. विमानतळावरच सांगा, घरी आल्यावर नको. आणि डोळ्याचं संजयला मी सांगते."
नको म्हणालो. ऐकल्यासारखं केलं नाही.

उद्या दुपारी इरा. गाडीत कुठून सुरुवात करायची? दसऱ्यापासून की

कोरडा २८, ओला २४. ओल ७२. वा. दोनदा.
रुमाल उचलून बघितला. कात अजून मऊ झालेली नाही.