जोडपेटी आणि दारातला निरोप

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तब्येत फोनवरच विचारली असती, पण तू फोन उचलत नाहीस; म्हणून इथेच विचारतो, बरी आहेस ना? 'पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही' असं म्हणत तू जिना उतरलीस, ते रागाच्या भरात, असं मी धरून चाललोय. तरी गैरसमज दूर करणं माझं कर्तव्य आहे.

आमच्या इमारतीत कार्ड दाखवून उघडायचं दार एकच होतं, खालचं. सेक्रेटरी झाल्यावर मला कळलं की ते दार चालवणाऱ्या मूळ पेटीला जोडपेट्या लावत गेलं की हवी तितकी दारं तिच्या ताब्यात देता येतात. मग हात आखडता कशाला घ्यायचा? गच्ची, पंपाची खोली आणि झाडून सगळ्यांच्या घरांची दारं मी जोडून टाकली. (पेट्या बसवणारा म्हणाला, "साहेब, घरांची राहू द्या." मी त्याच्या हातात घरांची यादी ठेवली.) दार अर्ध्या मिनिटाहून जास्त उघडं राहिलं की भोंगा, हा नियमही माझाच.

एवढंच नजरेतून सुटलं की आपल्याकडे पाहुणा 'निघतो' म्हणाला की मगच खरा बोलायला लागतो. तू पर्स खांद्याला अडकवून, एक पाय चपलेत घालून बोलत होतीस, आणि भोंगा झाला. काय झालं बघायला शेजारी दारात आले, दारातूनच एकमेकांना विचारू लागले, तेव्हा त्यांचेही भोंगे सुरू झाले. ते ऐकून वरचा मजला दारात आला. (एकही दार पेटीच्या नजरेतून सुटलं नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल.)

तेव्हापासून इमारतीला शिस्त लागली आहे. लोक दार ओढून घेऊन जिन्यात गप्पा मारतात. ही मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलते. हिचं म्हणणं, सोफ्यावर बसून माणूस चहाचं कौतुक करतो, मनातलं दारातच सांगतो. हिला यंत्रातलं समजावणं अवघड आहे. माझं काही चुकलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. आपल्या दाराची वायर आज मी स्वतः काढली. कुणाला बोलू नकोस, सेक्रेटरीच्याच घरी नियम मोडला म्हणतील.

आणखी एक. त्या दिवशी 'डॉक्टर म्हणाले' इथवर ऐकू आलं, पुढचं भोंग्यात गेलं. हिलाही ऐकू आलं नाही. ताई, मला घास गोड लागत नाही. फोन उचल, नाहीतर सरळ ये, आणि दारात हवा तितका वेळ उभी राहून सांग.