दोन ते चारचं ऊन

५ जानेवारी, सकाळी ९
आजपासून अभ्यास सुरू. विषय: आपल्या गच्चीवर सोलर पॅनल बसवणं परवडतं की नाही.

शेजारच्या दातवाल्याने परवाच बसवली. (लोक त्याला डॉक्टर म्हणतात. दात उपटतो तो दातवाला.) कमरेवर हात ठेवून गच्चीवर असा उभा होता, जसा काही सूर्य यानेच जन्माला घातला. खर्च किती, फायदा किती, विचारलं. म्हणाला, चार-पाच वर्षांत वसूल होतं म्हणतात. म्हणतात! कोण म्हणतात? मेंढरं अशीच एकामागे एक खड्ड्यात जातात.

मी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. जळालेली दुकानं, गळकी छपरं, बुडालेली गोदामं. शंभरातले ऐंशी नामंजूर. माझ्या हाताखालून कच्चं काम सुटत नाही.

हिचं मागच्या खोलीत शिवणकाम. दोन विजेची मशीनं, एक वाफेची इस्त्री. हॉस्पिटलचे गाऊन, शाळांचे गणवेश. म्हणते, निम्मी मेहनत लाइटबिलात जाते, उन्हाळा सरेपर्यंत काही झालं नाही तर खोलीला कुलूप लावीन. बायकांना धमक्यांची भारी हौस. म्हटलं, तू शिवत राहा, डोक्याचं काम मी बघतो.

६ जानेवारी
पद्धत ठरली. गच्चीच्या मधोमध कुंडीत काठी रोवली. दर तासाला तिची सावली खडूने आखायची आणि उन्हाला शून्य ते दहा गुण द्यायचे. वर्षभर. सूर्य म्हणजे काय एका भेटीत कळणारा प्राणी आहे?

पहिल्या दिवसाचा आलेख काढला. देखणा आला आहे. घरातल्या सगळ्यांना दिसावा म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. घरात ही आणि मी.

९ जानेवारी
आलेख गायब. हिला विचारलं. म्हणाली, माझ्या मापांच्या वहीत आहे, मागची बाजू कोरी होती, हिशोबाला घेतली. कपड्यांच्या मापांना माझा आलेख! गाढवाला गुळाची चव काय?

२० जानेवारी
उन्हात उभं राहून ऊन मोजणं हे हमालाचं काम आहे. निरीक्षकाला सावली लागते. गच्चीवर एक छोटी पत्र्याची केबिन उभारतो. एक टेबल, एक आरामखुर्ची. बस्स.

४ फेब्रुवारी
पत्रेवाला आला. म्हणाला, केबिन टाकीच्या बाजूला घ्या साहेब, उत्तरेला, म्हणजे ऊन अडणार नाही. अडाणी. म्हटलं, अभ्यास उन्हाचा आहे, टाकीचा नाही. जिथे सगळ्यात जास्त ऊन, तिथेच बांध. त्याने कानामागची पेन्सिल काढून तोंडाला लावली. हसत होता असं हिचं म्हणणं. हिला काहीही दिसतं.

केबिनला पॅनलच्या खर्चाचा चौथा हिस्सा गेला. पण तो अभ्यासाचा खर्च. अभ्यासाचा खर्च खर्चात धरत नाहीत.

१८ फेब्रुवारी
केबिन झकास. छप्पर छान उतरतं केलंय, दक्षिणेकडे. उतार किती ठेवायचा ते मीच सांगितलं, डोळ्यांनीच मापून. आत मात्र भट्टी. पंखा लावला.

३ मार्च
पंख्याने काही होत नाही, गरम हवा नुसती फिरते. कूलर आणला. पाण्यासाठी बारकं फ्रिजही. अभ्यासाच्या काळात जिने चढउतार करू नयेत, लक्ष उडतं.

११ मार्च
बिल वाढलं. बरंच. कारण उघड आहे: इस्त्री. मी हिला बोललो. ही म्हणाली, या महिन्यात आठ दिवस इस्त्री बिघडलेली होती, इस्त्रीपेक्षा वरचा तुमचा कूलर बघा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

१५ मार्च, सकाळी १०
शोध!

महिन्याभराच्या नोंदी एकत्र मांडल्या. सकाळी सहा गुण, सात गुण, बाराला दहा, एकला दहा. आणि दुपारी दोन ते चार: शून्य. रोज. सलग पंचवीस दिवस शून्य! खडूची एक रेघ नाही. म्हणजे आपल्या गच्चीवर भर दुपारी दोन तास सूर्य चालतच नाही. एकाही पॅनलवाल्याच्या जाहिरातीत हे नाही. कसं असेल? त्यांना दुकान चालवायचंय.

कारण अजून कळलेलं नाही. दातवाल्याच्या काचांवरून ऊन उलटं फिरत असावं.

१६ मार्च
दातवाल्याला गाठून सांगितलं, तुमची पॅनल दोन ते चार बंद असतात. त्याने मोबाईल पुढे केला. त्यात आकडे पळत होते, कालच्या दुपारी तीनचेही. म्हटलं, मोबाईल कंपनीचा, पॅनल कंपनीची, आकडे काय तुमच्या बाजूने बोलणार? तो दात दाखवत राहिला. स्वतःचे पांढरे आहेत, त्याचं फार कौतुक.

२ एप्रिल
हिने परस्पर पॅनलवाल्याला बोलावलं. चष्मेवाला तरुण, हातात टॅबलेट, बुटाला चुना. गच्चीभर फिरला आणि म्हणाला, जागा उत्तम आहे, फक्त सगळ्यात चांगल्या ठिकाणी ही खोली कशी आली? मी वही उघडली. आलेख दाखवला. त्याने बराच वेळ बघितला. मग अगदी मर्यादेने विचारलं, काका, दोन ते चार काय होतं?

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात जिन्यातून हिचा आवाज आला. दोन ते चार हे झोपतात.

झोपत नाही. डोळे मिटून विचार करतो. डोळे मिटले तरी ऊन पापण्यांतून लाल दिसतं, आणि दोन ते चार मला लाल दिसत नाही, काळं दिसतं. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने टॅबलेटवर काहीतरी लिहून घेतलं. मुद्दा पटलेला दिसला.

२१ मे
सरकारी सवलत आहे म्हणे, एकतीस तारखेपर्यंत अर्ज करणाऱ्याला. हिने भरलेला अर्ज ताटाशेजारी ठेवला. म्हणाली, हा शेवटचा महिना, नवी गाऊनची ऑर्डर घ्यायची की खोली बंद करायची ते मला हॉस्पिटलला कळवायचंय, तुम्ही हो म्हणा.

सवलत! ज्या मालाला गिऱ्हाईक नसतं त्याला सवलत असते. अर्जावर सतरा शंका काढल्या. ऑफिसात काढायचो तशाच, लाल पेनने, क्रमांक घालून. खाली लिहिलं: त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा. हात अजून चालतो. अक्षरही तेच.

हिने वाचला. घडी घातली. पटलं की ही गप्प बसते.

२९ मे
दोन दिवस मागच्या खोलीत मशीन वाजत नाही. दाराला कुलूप. ही सकाळी पर्स घेऊन बाहेर जाते, दुपारी येते. एकदाची हौस फिटली वाटतं.

दुपारी विचार करायला पडलो, पण डोळा लागेना. इतकी वर्षं ती खडखड मला नको नको व्हायची. आज नसल्यामुळे कसंतरीच वाटलं. उकाडा असावा.

३१ मे, संध्याकाळी ६
मुदत संपली. सुटलो. उतावळ्यांची गाडी निघून गेली, आता शांतपणे वर्ष पूर्ण करू.

९ जून
चार दिवस बहिणीकडे जातो आहे. तिचे यजमान पॅनल लावायच्या विचारात आहेत. त्यांना वाचवलं पाहिजे. वही घेतली आहे. दोन ते चारच्या नोंदी ही ठेवीन म्हणाली. स्वतःहून! हळूहळू गोडी लागते माणसाला.

१३ जून, सकाळी ११
परत आलो.

गच्चीवर पॅनल आहेत. आपल्या गच्चीवर. माझ्या केबिनच्या छपरावर.

विचारलं, कोणाच्या परवानगीने? ही म्हणाली, घरमालकिणीच्या. घर हिच्या नावावर आहे. मीच केलं होतं, टॅक्स वाचावा म्हणून, मोठ्या अक्कलहुशारीने. अर्जाची दुसरी प्रत भरून हिने मे महिन्यातच दिली. खोलीला कुलूप म्हणजे ही रोज त्या कचेरीच्या रांगेत होती. पैसे शिवणाचे, आणि वर हॉस्पिटलने नव्या ऑर्डरचा ॲडव्हान्स दिला.

पॅनलवाला तारा आवळत होता. म्हणाला, काका, छपराचा उतार इतका बरोबर आहे की वेगळा सांगाडा करावा लागला नाही, आतून दोन टेकू दिले की झालं. तुमच्यामुळे काकूंचा खर्च वाचला.

म्हणजे हे माझ्याच अभ्यासाचं फळ. नोंद करून ठेवतो, पुढे कोणी विसरायला नको.

१४ जून
केबिनमध्ये टेकू आल्यामुळे आरामखुर्ची मावत नाही. कूलर खाली शिवणाच्या खोलीत गेला. तिथे आता तिसरं मशीन आलंय आणि कामाला दोन बायका. फ्रिजही गेलं. त्यांना गार पाणी लागतं म्हणे. मला कधी लागलं नाही वाटतं!

केबिनमध्ये आता बादली आणि लांब दांड्याचा पोछा आहे. धूळ बसली की वीज कमी होते, आठवड्यातून दोनदा सकाळी पुसावी लागतात, असं पॅनलवाला सांगून गेला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, देखभाल हे तज्ज्ञाचंच काम आहे, ऐऱ्यागैऱ्याने हात लावू नये.

२० ऑगस्ट
पुसली. गुडघा दुखतो. दातवाला पलीकडच्या गच्चीवर त्याची पुसत होता. पाण्यात थोडं व्हिनेगर घाला म्हणाला. मला शिकवतो! आपण सल्ला घेत नसतो.

२४ ऑगस्ट
व्हिनेगरने डाग जातात.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ७
बिल आलं. इतकं कमी की आधी वाटलं चुकून दुसऱ्याचं आलं. नावही तपासलं. हिचंच.

ही म्हणाली, मापांची जुनी वही आणा हो, हॉस्पिटलच्या एका बाईंचं माप बघायचंय. वही उघडली तर मधे माझा आलेख. सहा जानेवारीचा, पहिला. चार घड्या पडलेल्या. उलटा केला. मागे हिच्या अक्षरात सात जानेवारी, आणि खाली चार ओळी. मापं नव्हती.

पहिल्या ओळीत वर्षाचं बिल. दुसरीत पॅनलचा खर्च. तिसरीत एक भागाकार: साडेचार वर्षं. चौथीत लिहिलं होतं: घ्यायला हरकत नाही. यांना पटायला वेळ लागेल. मेअखेरपर्यंत थांबते.

लाल पेन घेतलं. जिथे माणूस हमखास चुकतो तिथे आधी बघायचं, ही माझी पद्धत. बिलं कपाटातून काढून बेरीज केली. बरोबर. भागाकार तीनदा केला. बरोबर. मेअखेरसुद्धा बरोबर.

सात जानेवारीला हिला सगळं कळलेलं होतं, आणि ही पाच महिने थांबली. मी हो म्हणावं म्हणून. ताटाशेजारी अर्ज ठेवला तेव्हाही. त्यावर मी सतरा शंका काढल्या. मला फार वाईट वाटलं. पेनाला टोपण लावलं. कागद होता तसा घडी करून वहीत ठेवला आणि वही हिला नेऊन दिली. ही म्हणाली, सापडायला इतका वेळ लागला? मी म्हटलं, हो.

२९ सप्टेंबर, दुपारी ४
आज दोन ते चार जागा राहिलो. गच्चीवर.

ऊन होतं.