स्वतःच्या शब्दांत

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणासाठी नाही, स्वतःसाठी. अर्थशास्त्राच्या सरांनी नवी टूम काढली आहे: प्रत्येकाने ब्लॉग लिहायचा, दर आठवड्याला एक धडा, स्वतःच्या शब्दांत. वर्ग हादरला. मी नाही. गाईडची घोकंपट्टी मला पहिल्यापासून जमत नाही, म्हणजे पटत नाही. तोंड उतरलं ते पोपटचं. शेजारच्या बाकावर बसतो, स्वल्पविरामासकट पाठ करतो. बिचारा.

५ फेब्रुवारी
ब्लॉगचं नाव ठरलं: मुक्त मेंदू. त्यातच दिवस गेला, पण पाया पक्का हवा. ताई म्हणाली, मुक्त दिसतोय, मेंदू कुठाय? दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी
फॉन्ट बदलला.

१० फेब्रुवारी
पहिलाच बरा होता. परत आणला. दमलो.

१६ फेब्रुवारी
पहिली पोस्ट टाकली! ‘पाठांतर: मेंदूला लागलेली वाळवी’. धड्याशी संबंध नाही, पण आधी भूमिका मांडायला हवी. सरांनी विचारलं, धडा कुठाय? म्हटलं, येतोय. संध्याकाळपर्यंत तीन वाचक. नंतर लक्षात आलं: माझ्या फोनवरून मी, कॉम्प्युटरवरून मी आणि ताईच्या फोनवरूनही मीच.

२४ फेब्रुवारी
बाबांनी जाहीर केलं, चाचणीत अर्थशास्त्र उडालं तर सगळी सुट्टी मामाच्या टायरच्या दुकानात. आणि आम्हा मित्रांचं तर समुद्रावर जायचं ठरलंय! मामा चांगला आहे, पण पहाटे उठतो आणि दुसऱ्यालाही उठवतो. ते काही नाही. उद्यापासून रोज एक पोस्ट.

२५ फेब्रुवारी
डोकं दुखतंय. शिवाय सक्तीचं लेखन हे मुळात लेखनच नव्हे. यावर झकास पोस्ट होईल. लिहायचा कंटाळा आला.

८ मार्च
अखेर धड्यावर पोस्ट! विषय महागाई. ‘टोमॅटो महाग झाले, कांदे आणखी महाग होणार’ असं थेट जीवनातलं उदाहरण घेतलं. शेवटी ‘खाली कॉमेंट करा’ असंही लिहिलं, नाहीतर लोक लाजतात. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, अरे, हे तर मीच काल भाजी निवडताना म्हणत होते. असेल. मोठ्या माणसांचे विचार जुळतात.

१२ मार्च
परवा चाचणी. महागाईची पोस्ट येरझाऱ्या घालत पाठ करतोय. ताई हसत सुटली. वाळवी लागली का, म्हणे. तिला समजावलं, दुसऱ्याचे शब्द पाठ केले तर ती घोकंपट्टी. स्वतःचे केले तर आत्मविश्वास. बाकीच्या धड्यांचं काय, हा तिचा पुढचा प्रश्न. सर महागाईच विचारणार. तो धडा शिकवताना ते दोनदा मुद्दाम खोकले होते.

१४ मार्च
पेपर झाला. प्रश्न: ‘बेरोजगारीविषयी स्वतःच्या शब्दांत लिहा.’ प्रश्न दोनदा वाचला. मग युक्ती सुचली: जिथे महागाई, तिथे बेरोजगारी. मधूनच सुरू केलं की आठवेना, म्हणून अगदी पहिल्या ओळीपासून लिहिलं. एकदा लय सापडल्यावर हात थांबलाच नाही. पोपट मात्र पेन चावत खिडकीबाहेर बघत होता. गाईडमधलं काही आठवत नसणार. वाईट वाटलं.

२१ मार्च
पेपर मिळाले. पोपट वर्गात पहिला. त्याने गाईडमधलं काहीच लिहिलं नव्हतं, वर्षभर घरी बसलेल्या त्याच्या दादाबद्दल लिहिलं होतं. दादा रोज इस्त्रीचा शर्ट घालतो आणि कुठेच जात नाही, म्हणे. सरांनी मोठ्याने वाचलं.

माझा पेपर सरांनी वाचून दाखवला नाही, नुसता हातात ठेवला. सुरुवात: ‘नमस्कार मित्रांनो, मागच्या पोस्टला भरभरून प्रतिसाद दिलात.’ मध्ये: ‘टोमॅटो बेरोजगार झाले, कांदे आणखी बेरोजगार होणार.’ शेवटी: ‘खाली कॉमेंट करा.’

खाली लाल शाईत सरांची कॉमेंट होती. ‘टोमॅटोला नोकरी लागली की कळवा. तोवर नापास.’

मुक्त मेंदूला मिळालेली ही पहिली कॉमेंट. जपून ठेवणार होतो, पण बाबांनी पेपर मागून घेतला. ताईसुद्धा हसली नाही.

संध्याकाळी मामाचा फोन आला. सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुकानात हजर राहा, जुने कपडे घालून ये, म्हणाला.

बेरोजगारीचा प्रश्न तेवढा सुटला.