फाउंटनच्या बाईची ओटी

आई,

परवा टॅक्सीवाल्याला हुतात्मा चौक म्हटलं आणि त्याने मुकाट गाडी घातली. तुझी आठवण झाली. आपण दोघी तिथे गेलो तेव्हा बसचा कंडक्टर "फाउंटन, फाउंटन" असंच ओरडत होता, आणि तू अख्ख्या बसला ऐकू जाईल असं त्याला सुनावलंस, "फाउंटन नाय, हुतात्मा चौक हाय तो! नाव बदलला, तुमी कवा बदलनार?" मी लाजून खिडकीबाहेर बघत बसले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला दादा बोईसरजवळच्या आपल्या दांडीहून गेला तो याच चौकात. गोळीबार झाला, पळापळीत तो पडला, डोक्याला मार बसला. घरी आपल्या पायांनी आला आणि काही महिन्यांनी तुझ्या मांडीवर गेला. गोळी लागली नव्हती, म्हणून हुतात्म्यांत त्याला कुणी धरलं नाही. पुढे राज्य झालं, मुंबई राजधानी झाली, चौकात स्मारक उभं राहिलं. मग सुक्या बोंबलांच्या पाट्या काकीवर सोपवून तू मला घेऊन निघालीस. त्याची काहीतरी खूण तिथे असावी, एवढंच तुला हवं होतं.

स्मारकावरच्या मशालवाल्या दोघांकडे तू कितीतरी वेळ बघतेस. "यात माजा नाय," म्हणतेस आणि वळतेस. पलीकडे, ज्यावरून चौकाला फाउंटन म्हणायचे त्या जुन्या कारंज्यावर एक दगडी बाई उभी आहे. तू पिशवीतून खण, तांदूळ, नारळ काढतेस. मी तुझा हात धरते.

"आई, ती देवी नाही गं. गोऱ्या साहेबांनी बसवलेली फुलांची बाई आहे."

"बाई हाय ना? माजा पोरगा पडला तवा ही हितं उबी व्हती. मी नव्हती."

खण-तांदूळ तू कठड्यावर ठेवलेस आणि नारळी पुनवेला दर्यात सोडतो तसा नारळ हौदात सोडलास. पोलीस धावत आला, "मावशी, तो नारळ काढा आधी."

"दर्याला दिलेला कोन काडतं काय?" तू म्हणालीस, आणि मग तिथेच, भर रस्त्यात रडायला लागलीस. दादा गेला तेव्हाही तू अशी रडली नव्हतीस.

आता कारंजं धुऊनपुसून लख्ख केलंय. मीही खण नेला होता, कडेला ठेवून आले. बोईसरला घरी येऊन हे लिहितेय. तू आता नाहीस, पत्र टाकायचं कुठे; घडी करून तुझ्या लुगड्यात ठेवीन. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही, आई. दादाचा चेहरा मला आठवेनासा झालाय. डोळे मिटले की त्या बाईचाच येतो.