मधले अकरा दाणे

माय, तू अंगणात तांदूळ पाखडत होतीस आणि मी सुपाखाली सांडलेले दाणे वेचत होते. चुलीवर पेज ठेवलेली, गाईचं दूध काढायचं बाकी. तेवढ्यात बाबा अर्जुनीहून आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "जमलं पोरीचं. पोरगा बावीसचा हाये." मी अकराची. तू सूप खाली ठेवलंस.

"दुप्पट हाये जी थो."

"आज दुप्पट हाये. हे बावीसची होईन तवा थो तेहतीसचा. म्हंजे दीडपटच. म्हातारपणी त दोघंबी सारखेच दिसतीन." बाबांना गणित यायचं, आणि ते आपल्या बाजूनं मांडताही यायचं.

तुला अक्षर येत नव्हतं. तू जमिनीवर बावीस दाण्यांची ओळ मांडलीस, तिच्याखाली अकराची. मग दोन्ही ओळींना एकेक दाणा जोडत गेलीस. "पट कमी होऊन राहिली, खरं. पन हे वरचे अकरा दाने कोठी हालले? मांगं पोरीले एकटीले एवढी वर्सं काढा लागतीन, त्याचं काय?" बाबा पेज मागू लागले. तुझं म्हणणं तिथंच संपलं.

मी विचारलं, "माय, मी त्याले कधी गाठन वो?" तू हसलीस. "नाई बाई. तू जेवढी चालशीन तेवढाच थो बी चालन." आणि सगळे दाणे वेचून परत सुपात टाकलेस. दुपारी आम्ही ते खाल्लेसुद्धा.

सासरी धाडताना तू बजावलंस, "नवऱ्याले नावानं हाक मारू नको. लहान असता त मारली असती. थो मोठा हाये." लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. पुढं 'आयकलं का जी' एवढ्यावर मी एकतीस वर्षं संसार केला.

माणूस चांगला निघाला, हे तुला सांगायचं राहिलं. पहिल्या बाळंतपणाआधीच तू गेलीस. एकच खोड होती. चिंचेचं सार ताटात पडलं की ते म्हणत, "माह्या मायच्यापेक्षा आंबट झालं." मी विचारायची, "किती? दीडपट का दुप्पट?" ते बोटं चाटत सांगत, "एका चिंचेनं," आणि वाटी पुन्हा पुढं करत. मुलांच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले, आकडे शिकले, गुळाच्या पुडीचे कागदसुद्धा वाचू लागले, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "आता आमच्या घरी मीच अडानी."

ते गेले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. भेटायला येणाऱ्या बाया म्हणत, तुझं त्या अमकीपेक्षा बरं, तुझी मुलं मोठी आहेत. असेल. मला ते मोजता आलं नाही, अजूनही येत नाही. संध्याकाळी सार केलं की अजून एक वाटी जास्त होते.

पण माय, एका गोष्टीत तू चुकलीस. दोघं चालत राहिलो असतो तर तुझं खरं होतं. ते त्रेपन्न वर्षं चार महिन्यांवर थांबले आणि मी चालत राहिले. दर वर्षी मधला एक दाणा कमी झाला. बाबांनी लग्नाच्या वेळी दोघांच्या जन्मतिथी लिहून ठेवल्या होत्या. तो कागद काढून मी पाटीवर मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. यंदा कार्तिकातल्या एका दिवशी आम्ही अगदी सारखे झालो. त्या दिवशी धानाची कापणी होती. मी दिवसभर पेंढ्या उचलत होते. सून म्हणाली, "आत्याबाई, एकट्याच काऊन हासून राहिल्या?" मी म्हटलं, "कोणाले तरी गाठलं वो." तिला वाटलं, ऊन लागलं. तिनं मला सावलीत बसवून पाणी पाजलं.

हे पत्र पेटीतच राहणार. त्यात त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही. लिहिता येतं, पण हात अजून थांबतो, हेही तुला सांगून टाकते.

त्यांना गाठलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याहून एका दिवसानं मोठी होते. सकाळी धुणं घेऊन बोडीच्या पाळीवर गेले, पाण्याकाठी आसपास कोणी नाही हे पाहिलं, आणि त्यांना नावानं हाक मारली.