आठही गाण्यांची शेवटची कडवी

चि. अंबाजी यास सप्रेम जयभीम.

मी, जोतिराम सत्याप्पा मेत्री, बी.कॉम., सहकारी संस्थेतील लेखापाल आणि तुझा सख्खा काका, हे पत्र तुमच्या पाचजणांच्या गायनमंडळाने काढलेल्या कॅसेटविषयी लिहीत आहे. कॅसेट वाईट आहे.

ही आठही गाणी तुझ्या आत्याने, म्हणजे आमच्या नागुआक्काने, चाळीस वर्षांपूर्वी रचली आणि वस्त्यावस्त्यांतल्या सभांत गायली. त्यांत ती एकटी प्रश्न विचारते, साथीदार उत्तर देतात. तुम्ही प्रश्नही पाचजण गाता आणि उत्तरही पाचजणच. मग विचारले कोणी आणि कोणाला? डफाच्या जागी जो ऑर्गन घातला आहे, तो लग्नाच्या मांडवात शोभला असता.

हेही सोसले असते. परंतु प्रत्येक गाण्याचे शेवटचे कडवे तुम्ही कापलेत. त्याच कडव्यात रचणाऱ्याचे नाव असते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आक्का कॅसेट ऐकण्यासाठी मुद्दाम जांबोटीहून माझ्याकडे आली आहे. गाणे संपत आले की ती शेवटच्या कडव्यासाठी हात वर करून थांबे, आणि तेवढ्यात पुढचे सुरू होई. चौथ्यानंतर तिने विचारले, माझं नाव दुसऱ्या बाजूला हाय काय रं. मी कॅसेट उलटली.

खुलासा पाठव. रागावलो आहे, सूनबाईंना मात्र आशीर्वाद.

जोतिराम
खासबाग, बेळगाव, १२ फेब्रुवारी १९८५

ती. काकांस सविनय जयभीम.

काका, लईच झोडपलंसा. पत्र न्हाय, ऑडिटचा शेरा वाटला! स्टुडिओवाला चार मिनिटांच्या वर एक गाणं घेईना. मधलं कापलं तर अर्थ तुटत होता, म्हणून शेवटचं गाळलं. हितं तंबाखूच्या वखारीत बायका हीच कॅसेट लावून काम करत्यात. नाव न्हाय हे कुणाला कळलंबी न्हाय. तरी पुढच्या खेपेला वेष्टणावर आत्याचं नाव ठळक घालतो. मग तर झालं?

राग निवला की कळवा.

तुमचा अंबाजी
निपाणी, १८ फेब्रुवारी १९८५

चि. अंबाजी यास जयभीम.

कुणाला कळले नाही, हेच माझे गाऱ्हाणे. आणि तू ते समर्थन म्हणून लिहितोस! वेष्टणावरचे नाव आक्का वाचणार कशी? तिला अक्षर येत नाही. म्हणून तर तिने नाव गाण्यात ठेवले.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखवलेले नाही. पोरं शेवटचं विसरल्यात, एवढेच तिने धरले आहे. कुणी ते जाणून कापेल, हे तिच्या मनातही येत नाही. तुम्हांला शिकवायचे म्हणून ती रोज आठही कडवी घोकते आहे.

रविवारी, ३ मार्चला, मी तिला घेऊन निपाणीस येतो. पाचहीजण हजर राहा. तुम्ही काहीही विसरला नव्हता, हे तिला तुझ्या तोंडाने सांग. माझ्याने ते झालेले नाही.

तुझा काका,
जोतिराम सत्याप्पा मेत्री
खासबाग, बेळगाव, २२ फेब्रुवारी १९८५