आवाजाने उघडणारा सेट

कोथरूड, पुणे
ता. ३ नोव्हेंबर २०२५

ती. मंदाकिनी वहिनींस,

रंगरावचा साष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही दोघे इकडे ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? दिवाळीला येणं झालं नाही, फराळही पाठवला नाही. राग नसावा. आलाच असेल तर आधीच्या रागात मिळवून टाका.

पत्र बघून नवल वाटेल. मोबाइल आहे, पण माझी बोटं त्याच्यावर चालत नाहीत. कारखान्यात जन्मभर पत्रा कापून बोटांची कातडी अशी झालीय, की त्या काचेला मी माणूस आहे हेच कळत नाही. शिवाय फोनवर मोठ्याने बोलावं लागतं, आणि आमच्या घरात सध्या मोठ्याने बोलायची सोय नाही. म्हणून पत्र. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

काम असं आहे. तुमचा अभिनव एका कॉलेजच्या सिक्युरिटीत सुपरवायझर आहे, त्याच्या कमरेला वॉकीटॉकी असतो, ते दादा गेले तेव्हा मी पाहिलं होतं. मला तसा एक घ्यायचाय. घरगुती. कोणता घ्यावा, हे त्याला विचारून कळवाल का? तुम्ही विचारलंत तर तो नीट सांगेल. मी विचारलं तर आधी "कशाला, काका?" म्हणेल.

परवा बुधवार पेठेत जाऊन आलो. दुकानदार पोरगेलासाच, पण तोंडाने पिकलेला. मी म्हटलं, "किती लांब जातो?"

"खोक्यावर पाच किलोमीटर लिहिलंय."

"आणि खरं?"

"मैदानात पाच. पुण्यात मध्ये बिल्डिंगा किती येतात ते मोजा, तेवढे वजा करा."

"लोणी काळभोरपर्यंत जाईल?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "तिथपर्यंत पीएमटी जाते, आजोबा."

तुमच्या गावाचं नाव का निघालं तोंडातून, कुणास ठाऊक. सहज निघालं.

मग म्हटलं, एकच द्या. तर म्हणे, जोडीच घ्यावी लागते, एकट्याने काय गाणी ऐकणार का? ते पटलं. पण माझ्या मनात शंकाच फार. जास्त ताकदीच्या सेटला सरकारचा परवाना लागतो म्हणे, कमी ताकदीच्या ठरावीक सेटला लागत नाही. तो म्हणतो हा लागत नाही त्यातला आहे. पण पोलीस दारात आले तर तो थोडाच येणार आहे? आणि बॅटरी चार्जिंगला लावून झोपलो आणि फुटली तर? गळ्यात अडकवला तर छातीला काही होतं का? हे सगळं अभिनवला विचारा. आणि बटण मोठं असलेला कुठला? दुसरं काही चुकून दाबलं गेलं तर बिघडू नये, असं कुलूप त्याला असतं का? बटण न दाबता बोलता येईल असा मिळतो का? माझी बोटं दुखतात म्हणून विचारतोय.

द्वारका ठीक आहे. झोप कमी झालीय, एवढंच. दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली. सोसायटीत चोऱ्या वाढल्यात.

ती तुमची आठवण काढते. हे लिहावं की नाही, असं झालं होतं. लिहिलं.

आपला नम्र,
रंगराव

ता. क. अभिनवला एवढं मात्र विसरू नका विचारायला. पलीकडचं माणूस काही बोललंच नाही, तर ते कुठे आहे हे सेटवरून कळतं का?


कोथरूड, पुणे
ता. २१ नोव्हेंबर २०२५

ती. मंदाकिनी वहिनींस,

साष्टांग नमस्कार. अभिनवची चिठ्ठी पोचली. त्याने फार व्यवस्थित लिहिलंय, त्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याच्या चिठ्ठीखाली तुमचं अक्षर होतं. "घरात माणसं दोन, खोल्या दोन. हाक मारायला यंत्र कशाला?" वाचून हसू आलं. तीन वर्षांनी तुमचं बोलणं मिळालं, ते अगदी पूर्वीच्या चवीचं. चिठ्ठी देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवलीय.

अभिनवने सांगितला तसाच सेट घेतला. आवाजाने उघडणारा. समोर कुणी बोललं की बटण न दाबता आपोआप सुरू होतो. पहिल्या दिवशी तो कुकरच्या शिट्टीलाही सुरू झाला, रस्त्यावरच्या भंगारवाल्यालाही. दुसऱ्या दिवशी त्यातून एक अनोळखी माणूस ओरडायला लागला, "मठ्ठा संपला, मठ्ठा पाठवा, पंगत बसलीय!" मागच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयातले वाढपी निघाले, त्यांचा आणि आमचा चॅनेल एकच. मी घाबरून बंद करायला गेलो, तोवर द्वारका उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि पातेलंभर ताकाला कोथिंबीर-आलं लावून तयार. मला म्हणाली, "घेऊन जा जी. पंगत खोळंबली." परत बुधवार पेठेत जाऊन चॅनेल बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "काय आजोबा, झाली का लोणी काळभोरला गाठ?"

आमच्या सुदर्शनचा बेंगळुरूहून रोज फोन येतो. तो पुढच्या महिन्यात येणार आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हे लिहायला दोन दिवस घेतले. मध्ये मध्ये उठून आतल्या खोलीत बघून येतोय, म्हणून वाक्यं तुटलेली वाटतील.

कडी चोरांसाठी नाही, वहिनी.

दसऱ्याच्या आधी मी औषध आणायला खाली गेलो, परत आलो तर दार उघडं आणि द्वारका घरात नाही. संध्याकाळपर्यंत सापडली नाही. कोथरूड डेपोत कंडक्टरने बसवून ठेवली होती. पायात चप्पल नव्हती, हातात पिशवी, पिशवीत लाटणं. कंडक्टर म्हणाला, "आजी लोणी काळभोरचं तिकीट मागतायत. मोठ्या जावेकडे स्वयंपाकाला जायचंय म्हणतात."

म्हणून वॉकीटॉकी. गळ्यात अडकवला तर हरवली तरी बोलता येईल, असं माझं डोकं. फोन तिला चालत नाही. वाजला की पदराखाली लपवते. अभिनवने लिहिलंय, "काका, माणूस कुठे आहे ते सेटला कळत नाही. त्याला बोलावं लागतं." बरोबर आहे. वाचलं तेव्हाच समजायला हवं होतं, समजलं ते पैसे देऊन झाल्यावर.

पण सेट वाया गेला नाही. कसा, ते सांगतो. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, सुदर्शनलाही नाही.

पहिल्यांदा तपासून बघायला मी एक सेट तिच्या गळ्यात घातला, दुसरा घेऊन खाली गेलो. आमच्या जिन्यापाशी श्यामसुंदर वॉचमनची खुर्ची असते, तिथून येणाराजाणारा दिसतो, म्हणजे ती उतरली तरी माझ्या समोरूनच जाणार. मी बसलो आणि म्हटलं, "द्वारका, ऐकू येतंय का?" थोडा वेळ नुसती खरखर. मग ती बोलली. पन्नास वर्षं पुण्यात राहून तिची बोली इथलीच झाली होती, तुम्हीच चिडवायचात. आता परत माहेरची, मूर्तिजापूरकडची झालीय.

"अहो! कुठी गेले जी तुमी? इतके दिवस झाले!"

मी म्हटलं, "इथेच आहे. खाली."

"लवकर या. घरी एक म्हातारा येऊन बसला हाये. मानूस बरा दिसते, पन चहा दोनदा मांगते."

वहिनी, तो म्हातारा मी.

घरात मी समोर असलो की ती मला "अहो" म्हणत नाही. पाहुण्यासारखी वागते. पदर सावरते, बसा म्हणते, जेवून जा म्हणते. पण खालून आवाज आला की तो तिच्या नवऱ्याचा. आवाज ओळखते, चेहरा नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी खाली जाऊन बसतो. श्यामसुंदर खुर्ची देतो आणि तंबाखू मळत गेटपाशी उभा राहतो. मी तिला विचारतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का. माझ्या हातून ती गोळी घेत नाही, परक्या माणसाकडून कशाला घेईल? पण खालून सांगितलं की घेते. एकदा मी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला चहा दिलास का?" तर म्हणाली, "देल्ला. साखर जास्त घातली, खुश झाला बिचारा. त्याले कोनी नाही वाटते."

मग मी वर जातो. दार उघडून ती माझ्या खांद्यावरून जिन्यात बघते. म्हणते, "ते आत्ताच बोल्ले, येतो म्हनून. तुमी बसा जी, भेटूनच जा."

मी बसतो.

आता ज्यासाठी हे दुसरं पत्र लिहिलं ते. सेट आवाजाने उघडतो, म्हणजे ती माझ्याशी बोलत नसली तरी मला खाली ऐकू येतं. ती दिवसभर तुमच्याशी बोलते. "अक्का, गॅस बारीक करा. अक्का, तुमी बसा जी, पोया मी लाटतो, तुमचे गुडघे दुखतात." मग मध्ये थांबते. तुम्ही काहीतरी उत्तर देत असणार, कारण लगेच हसते. तुमचं उत्तर मला ऐकू येत नाही. हडपसरच्या त्या खोलीत तुम्ही दोघी एका ओट्याशी जशा कुजबुजायचात आणि आम्ही दोघे भाऊ बाहेर बसून जसे कान द्यायचो, अगदी तसं वाटतं. फक्त बाहेर मी एकटा आहे.

दादांच्या तेराव्याचं लिहितो. गोडाचं पान वाढत असताना सगळ्या बायकांच्या देखत तिने तुम्हाला विचारलं, "भाऊजी जेवायला बसले का? त्यांना आधी वाढा." तुम्ही म्हणालात, "माझ्या कपाळाची मस्करी करतेस, द्वारका?" आणि त्या दिवसापासून तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत. तुमचं काही चुकलं नाही. मलासुद्धा तेव्हा वाटलं, जीभ घसरली, रडून रडून माणूस भलतंच बोलतं. तिला घरी आणून मी रागावलोही. डॉक्टरांनी गेल्या वर्षी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिली आली ती तेराव्याची पंगत. ती मस्करी नव्हती, वहिनी. ती खरोखरच दादांची वाट बघत होती.

तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं. पण एका पंगतीचा खुलासा करायचा तर तिचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तिच्याविषयी चारचौघांत असं बोललेलं मला सोसत नाही.

सुदर्शन येतोय तो तिला घेऊन जायला. वाघोलीच्या बाजूला अशा माणसांना सांभाळतात, ती जागा त्याने बघून ठेवलीय. तो वाईट नाही. म्हणतो, "बाबा, तुम्ही खाली असता तेव्हा वर कोण असतं? वर असता तेव्हा तिला ओळखीचं कोण असतं?" म्हणाला, घरात भरवशाचं माणूस असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. मी बाई ठेवून पाहिली. द्वारकाने तिला दारातच विचारलं, "तू कोन? अक्का कुठी हाये?"

तिथे जागेवर सेट चालणार नाही. मी विचारलं. बाहेरच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत, आणि बाहेर बसायला खुर्चीही नाही.

तुम्हाला यायला सांगायचा मला अधिकार नाही. अभिनव कामावर जातो तेव्हा तुम्हीही दिवसभर एकट्याच असता, हे मला माहीत आहे, पण म्हणून मागावं असं नाही. तरी मागतो. महिनाभर राहून बघा. नाही जमलं तर मी स्वतः पोचवायला येईन.

आलात तर एक करा. एकदम वर जाऊ नका. चेहऱ्याने तिने तुम्हाला ओळखलं नाही तर तुम्हाला लागेल. माझं रोजचं झालंय, तुमचं व्हायला नको. आधी खाली श्यामसुंदरच्या खुर्चीवर बसा. मी माझा सेट तुमच्या हातात देतो आणि बाजूला होतो. रस्त्याच्या आवाजाने सुरू होऊ नये म्हणून खालचा सेट मी बटणावर ठेवलाय, दाबूनच बोलावं लागतं. उजव्या कडेचं मोठं बटण आहे, सापडेल. दाबलं की एक श्वास थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मी किती दिवस "द्वारका" म्हणत होतो आणि वर नुसतं "का" ऐकू जात होतं. तिने विचारलंही, "सारखं का, का काय करता जी?"

तेव्हा थांबून हाक मारा. अंगावर ओरडलात तरी चालेल, ओट्याशी ओरडायचात तशा. भांडण तिच्या लक्षात नाही. तुमचा आवाज आहे.

खुर्चीवर उद्यापासून उशी ठेवतो, तुमच्या गुडघ्यांसाठी.

तिच्या लेखी अजून घरी न पोचलेला,
तुमचा धाकटा दीर,
रंगराव